सातशे टनांचे कुलूप

११ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्र सरकारने कोविडची टाळेबंदी सैल करणारा आणखी एक आदेश काढला. दुकाने रात्री दहापर्यंत उघडी ठेवा, हॉटेले निम्म्या क्षमतेने चालवा, दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मॉलमध्ये सोडा, असे सगळे देऊन झाल्यावर एक अट घातली : राज्याची वैद्यकीय ऑक्सिजनची रोजची गरज ७०० टनांवर गेली, की पुन्हा सगळे बंद. रुग्ण किती, मृत्यू किती, कुठला जिल्हा लाल आणि कुठला हिरवा, यातले काही त्या अटीत नव्हते. राज्याला कुलूप लावायचे की नाही, हे आता टनांवर ठरणार होते.

पेण तालुक्यातल्या डोलवीला टनाची भाषा कुणी शिकवायला नको. वडखळ सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की नागोठण्याकडे जाताना उजव्या हाताला पोलादाचा अवाढव्य कारखाना दिसतो. मागे धरमतरची खाडी, खाडीवर कारखान्याची जेटी, जेटीवर खनिज उतरवणारे बार्ज. नव्वदच्या दशकात तो इस्पात कंपनीचा होता. २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने घेतला. जुनी माणसे अजूनही ‘इस्पातला कामाला आहे’ असेच सांगतात. खनिज टनांत येते, कोळसा टनांत येतो, पोलाद टनांत जाते. ऑक्सिजनही इथे टनांतच निघतो, फक्त २०२१ च्या एप्रिलपर्यंत त्याची चौकशी करायला कुणी आले नव्हते.

बंद कधी करायचे हा प्रश्न सरकारांना तसा सोपा असतो. भीती मदतीला असते. उघडायचे कधी, कुणासाठी, किती, याला मात्र भीतीही उपयोगी नाही आणि कायदाही नाही. मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा बाहेर काढला तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईत प्लेग शिरल्यावर इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला, चार-पाच कलमांचा. प्रवासी तपासा, माणूस हलवा, बोट अडवा, न ऐकणाऱ्याला शिक्षा करा, एवढे त्यात आहे. निर्बंध उठवायचे कसे, याबद्दल अक्षर नाही. ती उणीव पुण्याने १८९७ साली प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत भोगली. टिळकांना राजद्रोहात अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती त्याच प्लेगच्या धुमाळीत, आणि सुटून आल्यावर पुढे ‘केसरी’ची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी जे शीर्षक दिले, ते ‘पुनश्च हरि ॐ’. ३१ मे २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी टाळेबंदी उठवण्याचे टप्पे जाहीर केले, तेव्हा तेच शब्द घेतले. सरकारी कागदावर मात्र नाव होते ‘मिशन बिगीन अगेन’. मराठी सरकारला मराठी मोहिमेसाठी इंग्रजी नाव का लागले, हे बाजूला ठेवू.

त्याआधी रंगांचा महिना झाला होता. ३० एप्रिल २०२० च्या केंद्राच्या यादीत राज्यातले चौदा जिल्हे लाल, सोळा नारिंगी आणि सहा हिरवे. रायगड नारिंगी. ही यादी पाहून पेणचा किराणावाला आणि पनवेलचा किराणावाला दोघेही बुचकळ्यात पडले असतील, तर दोघांचेही बरोबर होते. रायगड हा कागदावर एक जिल्हा आहे. प्रत्यक्षात पनवेल, खारघर, कामोठे हे मुंबईचे शेपूट. मुंबईच्या इस्पितळांतल्या परिचारिका, पोलीस, बेस्टचे चालक रात्री तिथे झोपायला येतात. खाली पोलादपूर, म्हसळा, तळा ही गावे मुंबईला वर्षातून दोनदा भेटतात, शिमग्याला आणि गणपतीला. मधे पेण आणि रोहा. अशा पंधरा तालुक्यांना एक रंग द्यायचा म्हणजे कुणावर तरी अन्याय ठरलेला. महानगर प्रदेशातल्या महापालिका लाल धरा, अशी मखलाशी राज्याने केली आणि पनवेल शहर बाजूला काढले. जिल्हा दोन हिश्शांत वाटला गेला. पुढच्या दोन वर्षांतले रायगडचे बहुतेक घोळ या एका गोष्टीतून निघाले.

कारखान्याचे शास्त्र वेगळे होते. भट्टी हे रोज संध्याकाळी शटर ओढायचे दुकान नाही. ती थंड झाली तर आतला माल गोठतो, अस्तर तडकते, पुन्हा पेटवायला आठवडे जातात. म्हणून मार्च २०२० च्या पहिल्या आदेशांतच अखंड प्रक्रियेच्या उद्योगांना परवानगीने चालू राहण्याची मुभा होती. डोलवीत उत्पादन खाली आणले गेले, पण भट्ट्यांची धग ठेवावीच लागली. खरा फटका बसला तो विस्ताराच्या कामाला. कारखान्याची क्षमता वर्षाला पन्नास लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायची होती. त्या कामावर देशभरातून आलेले कंत्राटी मजूर होते. ते घरच्या वाटेला लागले आणि २०२० मध्ये पुरे व्हायचे काम २०२१ च्या उत्तरार्धावर गेले. याच कंपनीच्या बळ्ळारीजवळच्या विजयनगर कारखान्यात जून २०२० मध्ये संसर्ग फैलावला, तेव्हा चालू कारखाना म्हणजे काय धोका असतो हे डोलवी-गडबच्या लोकांनाही दिसले. गावातली दुकाने बंद आणि कारखान्याच्या फाटकातून तीन पाळ्या आत-बाहेर, हे दृश्य समजून घ्यायला भट्टीचे शास्त्र ठाऊक असावे लागते. ज्याचे दुकान बंद आहे, त्याला ते शास्त्र ऐकून घेण्याची फारशी हौस नसते.

‘पुनश्च हरि ॐ’चा पहिला टप्पा ठरला ३ जून २०२०. समुद्रकिनारी फिरायला हरकत नाही, मैदानात व्यायाम करा, सायकल चालवा, अशी त्यातली सूट. त्याच ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा. किनाऱ्यावर फिरण्याची परवानगी आणि किनाऱ्यावरून माणसे हलवण्याचा हुकूम एकाच तारखेला. शाळांमध्ये माणसे आणून ठेवायची, पण हात-हात अंतरावर, आणि त्यांतल्या काही शाळा आधीच मुंबईहून आलेल्यांच्या विलगीकरणासाठी घेतलेल्या. दोन दिवसांनी मुख्यमंत्री अलिबागला आले आणि जिल्ह्याला १०० कोटींची तातडीची मदत जाहीर करून गेले. उडालेल्या पत्र्यांच्या शोधात निघालेल्या माणसाला मास्कचे तंत्र सांगणारा पोलीस त्या आठवड्यात कुणाला दिसला नसेल. दक्षिण रायगडात कित्येक दिवस वीज नव्हती. टाळेबंदी कशी उठवावी याचे जे तक्ते मंत्रालयात तयार होत होते, त्यांत वाऱ्यासाठी रकाना नव्हता.

जुलै उजाडला आणि आलेख पुन्हा चढला. जिल्हाधिकारी निधी चौधरी आणि पालकमंत्री अदिती तटकरे यांनी १५ जुलैच्या मध्यरात्रीपासून दहा दिवस पूर्ण जिल्हा बंद केला. उघडलेले पुन्हा बंद. पनवेल-उरणसाठी त्यात अर्थ होता. पेणसाठी ती तारीख फार वाईट होती, कारण त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती.

पेणचे वर्ष जानेवारीला सुरू होत नाही. एका गणपतीचे विसर्जन झाले, की दुसऱ्याचे साचे बाहेर येतात. शहरातल्या आळ्या, शिवाय हमरापूर, जोहे, कळवे, दादर, तांबडशेत, या सगळ्या टापूत घरटी कारखाना. कारखाना म्हणजे ओटी, पडवी, अंगणात घातलेला मांडव. साच्यात प्लॅस्टर ओतायचे, काथ्याने बळकटी द्यायची किंवा शाडू दाबायचा, सांधे पुसायचे, वाळवायचे, घासायचे, पांढरा हात द्यायचा आणि मग रंग. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्याच्या आतच पेट्यांत बसून बंदराकडे जातात. बोटीला वेळ लागतो. मोठ्या मूर्ती आधी होतात, कारण त्या वाळायला वेळ घेतात आणि पावसाळी हवेत वाळत नाहीत. सगळ्यात शेवटी, आषाढ-श्रावणात, डोळ्यांची आखणी. हे काम करणारा हात कारखान्यात एखादाच असतो. बारीक कुंचला, श्वास रोखून ओढलेली भुवईची रेघ, मग बुबुळ. एका डोळ्याची नजर दुसऱ्याशी जुळली नाही, तर बारा महिन्यांची मूर्ती गेली.

या कॅलेंडरमध्ये सरकारचा हुकूम आला ११ जुलै २०२० ला : सार्वजनिक मंडळाची मूर्ती चार फुटांपर्यंत, घरची दोन फुटांपर्यंत. हेतू साधा होता. मूर्ती लहान म्हणजे उचलायला माणसे कमी, मिरवणूक नाही, गर्दी नाही. साथीच्या दृष्टीने निर्णय योग्य होता, हे मी आजही म्हणेन. पण तो जुलैच्या अकराव्या दिवशी आला. तोवर सात, नऊ, बारा फुटांचे गणपती थंडीतच होऊन मांडवात उभे होते. त्यांत गेलेले भांडवल बँकेचे, पतपेढीचे नाहीतर सावकाराचे. त्यावर चार दिवसांनी जिल्हा बंद. मूर्ती ठरवायला येणारा मुंबई-ठाण्याचा व्यापारी वडखळपर्यंत पोचेना. कारागिरांचे हात थांबले नव्हते, घरातच काम होते. थांबला होता तो गिऱ्हाईक. त्या वर्षी प्लॅस्टरवरच्या बंदीचीही टांगती तलवार होती. मे महिन्यात केंद्राने ती एक वर्ष पुढे ढकलली म्हणून निभावले.

टाळेबंदी सुरक्षितपणे कशी उठवावी यावर तेव्हा जगभर कागद निघत होते. संसर्गाचा दर, चाचण्या, खाटा, संपर्कांचा माग. पेणच्या आळीतून पाहिले तर त्या कागदांत एक गोष्ट हमखास राहून जायची : उघडण्याची तारीख लोकांना किती आधी कळणार? कापडाचे दुकान उद्या उघडा म्हटले तर उद्या उघडते. गणपतीचा कारखाना उद्या उघडता येत नाही. भट्टीसारखाच तोही अखंड प्रक्रियेचा उद्योग आहे, पण आदेशातल्या त्या रकान्यात पडवीतल्या कारखान्याला जागा नव्हती.

चाकरमान्यांचा प्रश्न त्याच आठवड्यांत पेटला. कोकणातल्या गावांचे म्हणणे, येणार असाल तर चौदा दिवस विलगीकरणात राहा. मुंबईकरांचे म्हणणे, चौदा दिवस रजा कोण देतो? ४ ऑगस्टला परिवहनमंत्री अनिल परब यांनी तोड काढली : विलगीकरण दहा दिवस, १२ ऑगस्टच्या आत पोचा, त्यानंतर येणाऱ्याने चाचणी करून यावे, एसटीत बावीस प्रवासी, एसटीने येणाऱ्याला ई-पास नको. चौदाचे दहा कुठल्या शास्त्राने झाले? थोडे वैद्यकाच्या आणि बरेचसे पंचांगाच्या. १२ अधिक १० म्हणजे २२. चतुर्थीच्या दिवशी माणूस विलगीकरणातून सुटून पाटावर गणपती बसवायला मोकळा. मला हा निर्णय त्या वर्षातला सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो लोक काय करणार आहेत हे धरून केलेला होता, लोकांनी काय करावे हे धरून नव्हे. आंतरजिल्हा एसटी २० ऑगस्टला सुरू झाली, ई-पास सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला. ऑक्टोबरात हॉटेले, दिवाळी पाडव्याला १६ नोव्हेंबरला देवळे, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत लोकल. त्या हिवाळ्यात साथ सरली असे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. फेब्रुवारीत अमरावतीकडून वेगळी बातमी येऊ लागली.

एप्रिल २०२१ चे सगळ्यांना आठवते. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण. ‘ब्रेक द चेन’ या नावाने १४ एप्रिलपासून राज्य पुन्हा बंद झाले होते. आणि या वेळी कमी पडत होता तो ऑक्सिजन. राज्यात रोज साधारण १,२०० टन ऑक्सिजन होत होता, गरज महिनाअखेरीस १,७०० टनांच्या पलीकडे गेली. सरकारने ३० मार्चलाच ऐंशी टक्के ऑक्सिजन दवाखान्यांसाठी राखायला सांगितला होता. पुढे सगळाच राखला.

ऑक्सिजन आणि पोलाद यांचे नाते आपल्यापैकी अनेकांना त्या महिन्यात पहिल्यांदा कळले. लोखंडाच्या रसातला जादा कार्बन जाळून काढायला त्यात शुद्ध ऑक्सिजन जोराने मारावा लागतो. त्याशिवाय अशा कारखान्यात पोलाद होत नाही. म्हणून मोठ्या कारखान्यालगत हवा वेगळी करणारा प्रकल्प असतोच. हवा दाबायची, गार करत करत द्रवाच्या टोकाला न्यायची, मग नायट्रोजन एकीकडे, आर्गॉन एकीकडे, ऑक्सिजन एकीकडे. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. त्याच्याही खाली ठेवला, तरच तो द्रव राहतो आणि टँकरमध्ये बसतो. एक लिटर द्रवाचा सुमारे साडेआठशे लिटर वायू होतो, म्हणूनच त्याला द्रव करून न्यायचे. पण कारखान्यांत बहुतेक ऑक्सिजन वायू म्हणूनच पाइपातून थेट भट्टीकडे जातो. द्रव होतो तो थोडाच, साठ्यासाठी आणि विक्रीसाठी. भट्टीचा हात आवरून द्रवाचे प्रमाण वाढवता येते, तेही एका मर्यादेपर्यंत. विजयनगर, डोलवी आणि सेलम या तीन कारखान्यांतून जेएसडब्ल्यूने त्या महिन्यांत दवाखान्यांना ऑक्सिजन पुरवला, पोलाद कमी करून.

टँकर भरणे हे घाईचे काम नाही. आधी नळी गार करायची, टाकी गार करायची, नाहीतर आत पडणारा पहिला द्रव उकळून वायू होऊन उडून जातो. जोडावर पांढरा बर्फ धरतो, वाफ जमिनीलगत सरकत राहते. ड्रायव्हर लांब उभा, कारण तेलाचा एक डाग आणि शुद्ध ऑक्सिजन यांची गाठ पडू द्यायची नसते. बाहेर फोन वाजत असतो. अमुक दवाखान्यात तीन तासांचा साठा उरला आहे. सरकारने या टँकरना रुग्णवाहिकेचा दर्जा दिला होता, पोलिसांची गाडी पुढे असायची. टँकरच कमी पडले म्हणून नायट्रोजनचे, आर्गॉनचे टँकर बदलून घेतले. डोलवीहून तास-दीड तासावरच्या कळंबोलीतून १९ एप्रिलला देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस सुटली. सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला. उंच टँकर घाटातल्या बोगद्यांतून जाईनात, म्हणून गाडी वसई, सुरत, जळगाव, नागपूर असा वळसा घालून गेली. रायगड जिल्ह्यातून एकीकडे ऑक्सिजन बाहेर जात होता आणि दुसरीकडे तो आणायला रिकामे टँकर निघत होते. दोन दिवसांनी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि त्या दिवशी बावीस रुग्ण गेले.

वायू नेता येत नाही तर रुग्णच वायूजवळ आणा, ही कल्पना याच दिवसांतली. वर्ध्याला, डोलवीला, पोलाद कारखान्यांच्या कुशीत जम्बो कोविड केंद्रे उभारायची, पाइपातून थेट ऑक्सिजन द्यायचा, द्रव करायचा खर्च आणि टँकरची वाट दोन्ही टळतील, असे राज्याने ठरवले. कर्नाटकात विजयनगरच्या कारखान्याशेजारी हजार खाटांचे असे रुग्णालय उभे राहिले. डोलवीकडे सरकार त्या काळात जितके वेळा पाहत होते, तितके त्याआधीच्या दहा वर्षांत पाहिले नसेल.

मग मे सरला, लाट उतरली, आणि पुन्हा तोच प्रश्न. या वेळी राज्याने रंग सोडून आकडे घेतले. ३ जून २०२१ ला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना पाच स्तर सांगितले आणि अठरा जिल्हे उद्यापासून खुले, असेही सांगून टाकले. लोक शटरवरची धूळ पुसू लागले असतील, तोच मुख्यमंत्री कार्यालयाचा खुलासा आला : प्रस्ताव विचाराधीन आहे, निर्बंध उठवलेले नाहीत. एका संध्याकाळपुरते महाराष्ट्र उघडून बंद झाले. मुख्य सचिव सीताराम कुंटे यांच्या सहीचा खरा आदेश ४ जूनचा, लागू ७ जूनपासून.

तो आदेश नीट वाचण्यासारखा आहे. दोन मोजमापे : शंभर चाचण्यांत किती बाधित, आणि ऑक्सिजनच्या खाटा किती टक्के भरलेल्या. पाच टक्क्यांखाली बाधित आणि पंचवीस टक्क्यांखाली खाटा म्हणजे पहिला स्तर, सगळे खुले. पाच टक्क्यांखालीच, पण खाटा पंचवीस ते चाळीस टक्के भरलेल्या, तो दुसरा. पाच ते दहा टक्के बाधित किंवा खाटा चाळीसच्या वर, तो तिसरा. दहा ते वीस किंवा साठच्या वर, चौथा. वीसच्या वर किंवा पंचाहत्तरच्या वर, पाचवा. दर गुरुवारी आरोग्य खाते आकडे जाहीर करणार, त्यावरून सोमवारपासून स्तर बदलणार. पेण-रोह्याच्या बाजारात गुरुवारला परीक्षेच्या निकालाचा दिवस म्हणून महत्त्व आले ते इथून.

रायगड गेला चौथ्या स्तरात. जीवनावश्यक दुकाने चारपर्यंत, बाकी बंद, हॉटेलातून फक्त पार्सल. रायगडला खाली ओढले ते बाधितांच्या टक्क्याने, खाटांनी नव्हे. जिल्ह्यात ऑक्सिजनचा कारखाना आहे, खाटा निम्म्याहून रिकाम्या आहेत, तरी शटर बंद. कारण दोन अटींच्या मधला शब्द ‘किंवा’ होता. शिवाय आदेशाने दहा लाखांवर लोकसंख्येच्या दहा महापालिका वेगळ्या धरल्या, मुंबईपासून नागपूरपर्यंत. त्या यादीत पनवेल नव्हते. २०२० मध्ये जिल्ह्यातून वेगळे काढलेले शेपूट २०२१ मध्ये पुन्हा जिल्ह्याला जोडले गेले.

टक्केवारीत एक गोम असते. वरचा आकडा कमी करता येत नसेल तर खालचा वाढवता येतो. चाचण्या वाढवा, विशेषतः झटपट अँटिजेनच्या, ज्यांत बाधित कमी सापडतात, आणि टक्का उतरतो. ऑक्सिजनच्या खाटा वाढवा, भरलेल्यांचा टक्का उतरतो. कुणी लबाडी केली असे म्हणण्याची गरज नाही. खाटा वाढवणे, चाचण्या वाढवणे हे चांगलेच होते. पण मोजपट्टीच्या दोन्ही टोकांना जिल्हा प्रशासनाचे हात पोचत होते, आणि हे सरकारलाही पहिल्या तीन आठवड्यांत उमगले. २५ जूनच्या आदेशाने फक्त आरटी-पीसीआरचा टक्का धरायचे ठरवले, आणि डेल्टा प्लसच्या धास्तीने कुठलाही जिल्हा तिसऱ्या स्तरापेक्षा मोकळा होणार नाही असेही सांगितले. पाच स्तरांची योजना तीन आठवड्यांत तीन स्तरांची झाली.

२२ जुलैला महाडजवळचे तळिये दरडीखाली गेले. चिपळूण-महाडच्या पुरात मदतीला धावणाऱ्यांना स्तर कुणी विचारला नाही. २ ऑगस्टला सरकारने बहुतेक जिल्ह्यांना सूट दिली, अकरा जिल्हे मात्र मागे ठेवले. त्या अकरांत रायगड होताच.

म्हणून नऊ दिवसांनी आलेल्या त्या ७०० टनांचे महत्त्व. राज्याचे रोजचे उत्पादन तोवर १,३०० टनांच्या घरात होते. सातशे म्हणजे त्याच्या निम्म्याच्या किंचित वर. ऑक्सिजनची गरज वाढली, की दवाखान्यांना थोडा अवधी हातात मिळेल असा तो हिशेब. या मापाला हात लावणे कठीण होते. चाचणी केली नाही म्हणून टन कमी होत नाहीत. खाट वाढवली म्हणून माणूस कमी श्वास घेत नाही. टँकर किती भरले, किती गेले, याची नोंद कारखान्याच्या काट्यावर असते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नियम आधी सांगितला होता. पेणच्या दुकानदाराला, रोह्याच्या हॉटेलवाल्याला आपले दुकान कशाने बंद होईल हे अगोदर कळले. रात्री साडेआठच्या भाषणाची वाट बघायला नको.

या मापात खोट होती, ती माणसाच्या बाजूची. ऑक्सिजन लागेपर्यंत आजार पोचला म्हणजे काही जणांच्या बाबतीत फार उशीर झालेला असतो. आणि सरासरी राज्याची धरलेली. सगळे राज्य ५०० टनांवर असताना एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातला सिलिंडर संपू शकतो. सातशेचा आकडा मंत्रालयाला सोयीचा होता, म्हसळ्याच्या आरोग्य केंद्राला तितका नाही.

तरी तो एकदा कसाला लागला आणि उतरला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला. राज्यात दिवसाला पंचेचाळीस हजारांच्या वर रुग्ण जाऊ लागले. जुन्या मापाने हे आकडे पूर्ण टाळेबंदीचे होते. निर्बंध लागले, शाळा बंद झाल्या, जमावबंदी आली, पण ऑक्सिजनची गरज सातशेच्या जवळही गेली नाही. लस आणि आधीच्या लाटांनी आपले काम केले होते. बाजार चालू राहिले. २४ जानेवारीपासून शाळाही उघडू लागल्या. डोलवीत त्या महिन्यात एक कोटी टनांची भट्टी-व्यवस्था सुरू झालेली होती आणि ऑक्सिजन पुन्हा पोलादाकडे वळला होता. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे आणि त्या १८९७ च्या कायद्याखालचे सगळे निर्बंध राज्याने मागे घेतले. मास्कही ऐच्छिक.

सगळे म्हणजे जवळजवळ सगळे. चार फूट आणि दोन फूट २०२१ च्या गणपतीलाही कायम होते, आणि २०२२ चे काय, हे पाडव्याला कुणी बोलले नाही. पेणमध्ये नव्या मूर्ती तेव्हा साच्यांतून निघत होत्या. बारा फुटांची करावी की चारची, हे ज्याचे त्याने अंदाजाने ठरवले. दोन वर्षांपूर्वी हात पोळलेल्यांनी बहुतेक चारचीच केली. सरकार बदलले, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि २१ जुलैला मूर्तीच्या उंचीवरची मर्यादा उठल्याची घोषणा झाली. चतुर्थी होती ३१ ऑगस्टला. मुंबईच्या मंडळांचे फोन पेणला दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले असणार, उंच मूर्ती आहे का विचारणारे. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आणि ओल्या हवेत एवढी मोठी मूर्ती चाळीस दिवसांत वाळत नाही.